ताणावरचे झाड

आमच्या अंगणातले संत्र्याचे झाड कुंदाने मारले, असे माझ्या घरी आणि तिच्या माहेरी आजवर मानले गेले. ते तिने मारले नव्हते, मी मारले होते. झाड पुरते वाळण्याआधीच मला ते ठाऊक झाले होते. कुंदा माझी पत्नी. तिने हा दोष इतकी वर्षे निमूट वागवला आणि मी तिच्या शेजारी बसून रोजचा चहा प्यायलो.

दर वैशाखात हे मला आठवते, असे लिहिणे सोयीचे झाले असते. खरे म्हणजे ते वर्षभर आठवते. वैशाखात फक्त त्याला वास येतो. नागपूरचा उन्हाळा अंगाला लागण्याआधी नाकाला कळतो. गच्चीवरच्या खोलीतून कूलर खाली येतो, ताट्यांमध्ये नवा वाळा भरला जातो, टाकीत पहिले पाणी पडते आणि घसा साफ केल्यासारखा खाकरत पंप सुरू होतो. भिजल्या वाळ्याचा गंध घरभर पसरला की येणारा-जाणारा म्हणतो, जीव थंड झाला. माझा होत नाही. त्या गंधाच्या तळाशी मला दुसरा एक वास येतो, नाकाला झोंबणारा. तो दुसऱ्या कोणाला येत नाही, कारण तो आता तिथे नसतोच.

कुंदा काटोलकडची. तिच्या वडिलांची, म्हणजे मामाजींची, तिथे संत्र्याची बाग आहे. लग्नानंतर त्या बागेत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक शब्द नव्याने शिकलो. ताण. आम्ही नागपुरात सदर भागातल्या कार्यालयात फायलींपुढे बसून जो ताण ताण म्हणत असू, तो हा नव्हे. बागेत ताण दिला जातो, आणि तो मायेनेच दिला जातो. मृगाचा बहार, म्हणजे पावसाच्या तोंडावरची फुले, धरायचा तर ऐन उन्हाळ्यात झाडांचे पाणी बंद करतात. पाने मलूल होतात, कडा आत वळतात, हिरव्याची झळाळी उतरते. आपले आता काही खरे नाही असे झाडाला वाटू लागते, आणि त्या धास्तीतच ते फुलायची तयारी करते. मग योग्य घडीला पाणी सोडायचे. त्याला ताण तोडणे म्हणतात. ताण कमी पडला तर फूल नाही, अधिक झाला तर झाड नाही. मधली जागा केसाएवढी. ती ओळखण्याचे यंत्र मामाजींजवळ नव्हते, मुलगी होती.

“दुपारी तं सारेच मान टाकतात, जवाई,” मामाजी मला बांधावर उभे करून म्हणाले होते. “तुम्हीही टाकता, मीही टाकतो. सकाळी उठून कोन बसते, ते पाहा लागते. आन ते माह्याहून आमच्या कुंदीले जास्त दिसते.”

ती दरवर्षी वैशाखात माहेरी जाई ती याचसाठी. उजाडता उजाडता ती अनवाणी ओळींमधून फिरे, एखादे पान दोन बोटांत धरून सोडून देई. न्याहारीच्या वेळी सांगे, अजून थांबा, किंवा, आज सोडा. तिचा धाकटा भाऊ सुधाकर चेष्टा करी, “पान तुह्या कानात काय सांगते वं ताई?” ती म्हणे, “तुही चुगली करते.” पण ती सांगेपर्यंत मामाजी पंपाच्या बटनाला हात लावत नसत. एका माणसाचा शब्द आणि अख्खी बाग, असे ते होते. मला तेव्हा त्याचे कौतुक वाटे. त्याचे मोल कळायला मात्र मला ते मोडावे लागले.

मानेवाड्याकडच्या ले-आउटमध्ये आम्ही घर बांधले तेव्हा तिने माहेरून संत्र्याचे एक कलम आणले. बसमध्ये मांडीवर घेऊन आणले. खिडकीचे ऊन लागू नये म्हणून त्याच्यावर पदर धरला होता. कुंपणाच्या भिंतीजवळ ते लावले. कार्यालयातून आलो की मी बूट काढण्याआधी पाइप हातात घेत असे. झाड बघता बघता डेरेदार झाले, गर्द झाले आणि फळाच्या नावाने शून्य राहिले.

“तुम्ही झाड नाही पोसून राहिले,” कुंदा एकदा म्हणाली, “जवाई पोसून राहिले. बसल्या जागी खाते अन् देत काहीच नाही.”

मी हसलो. जावई मीच होतो.

त्या वर्षी तिने ठरवले, आता यालाही ताणावर सोडायचे. मला बजावले, पाइपाला हात लावायचा नाही. शेजारच्या बोरकर वहिनी भिंतीवरून डोकावल्या, “एवढ्याशा झाडाले काहून उपाशी मारून राहिली वं?” कुंदा म्हणाली, “उपास आहे वहिनी, उपासमार नाही. उपास सुटल्यावर प्रसाद तुम्हालाच पहिला.”

मग ती आपल्या वैशाखाच्या फेरीसाठी काटोलला गेली. नवतपा लागला होता. रोहिणीतल्या सूर्याचे ते दिवस नागपुरात माणसे खिशात कांदा ठेवून, दुपट्ट्यात तोंड गुंडाळून काढतात. दुपारी रस्त्यावर कुत्रे दिसत नाही. आमच्या बोअरचे पाणी जड. कूलरच्या टाकीत आणि जाळीवर क्षारांचा पांढरा थर चढला होता, हवा येईनाशी झाली होती. मी सुटीच्या दुपारी कूलर अंगणात ओढला, फरशी धुण्याच्या अॅसिडची बाटली टाकीत ओतली आणि खराट्याने घासू लागलो. पांढरा फेस उसळला. थर सुटू लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि काम चोख होत असल्याचे समाधानही होते.

ते पाणी टाकायची नाली घराच्या मागे होती. भिंत आणि घर यांच्यामधल्या चिंचोळ्या बोळातून, तापल्या फरशीवरून, भरलेली बादली घेऊन जायचे. झाडाचे आळे दोन पावलांवर होते. कोरडे, भेगाळलेले. मी बादली तिथे उलटी केली. मग दुसरी, मग सगळीच टाकी. काळ्या मातीने ते पाणी असे ओढून घेतले की आवाज झाला. तहानलेल्या झाडाला निवड नसते. जे मिळाले ते त्याने घेतले.

पुढे कित्येक वर्षे मी स्वतःला सांगत आलो की मला त्याची दया आली होती. कुंदाने उपाशी ठेवलेले झाड, भर नवतपा, आपण चोरून दोन घोट पाजले. पाण्यात काय होते त्याचे भान राहिले नाही, एवढीच चूक. ही गोष्ट मी इतक्या वेळा मनात सांगितली की मला ती आठवण वाटू लागली. पण दया हा शब्द मी नंतर शोधला. त्या दुपारी तो तिथे नव्हता. तिथे फक्त कंटाळा होता.

कुंदा परत आली तेव्हा पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, विस्तवाजवळ धरल्यासारख्या. तिने पिशवी खाली न ठेवताच एक पान दोन बोटांत धरले. बराच वेळ धरले.

“हे ताणाचं पान नाही,” ती म्हणाली.

तिने मला विचारले नव्हते. ती पानाशीच बोलत होती. पण तिथे मी होतो, आणि मी म्हणालो, “ऊन फार होते यंदा.”

बादली उलटी करणे हा माझा आळस होता. हे वाक्य आळस नव्हते. तिला बरोबर दिसले होते, आणि मी तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडवला.

तिने लगेच ताण तोडला. सकाळ-संध्याकाळ हलके पाणी दिले, बुंध्याला ओली गोणपाटे गुंडाळली. पाने गळत राहिली. मृग लागला, पाऊस आला, बोरकर वहिनींच्या अंगणात गवतदेखील उभे राहिले. आमचे झाड उठले नाही. काही कामाने कळमन्याच्या बाजारात आलेले मामाजी घरी उतरले. त्यांनी नखाने फांदीची साल खरवडली. आत हिरवे नव्हते. ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी धोतराला हात पुसले आणि ते अगदी हळू म्हणाले, “कुंदे, उपाशी ठेवता तं सगळ्याइले येते. जेवू कवा घालाचं, ते समजा लागते.”

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. कप हलले, त्यांचा आवाज झाला. माझा झाला नाही.

पुढच्या वैशाखात कुंदा माहेरी गेली नाही. मामाजींनी बोलावले नाही असे नव्हे. बोलावले, तिने निमित्ते सांगितली, आणि मग हळूहळू बोलावणेही विरले. पाने सुधाकर पाहू लागला. कुठल्या वर्षी फूल कमी आले, कुठल्या वर्षी एखादी ओळ गेली. त्या बातम्या फोनवर येत आणि ती “हो का” म्हणून ऐकून घेई. संक्रांतीच्या हळदीकुंकवात कोणी वाण म्हणून रोप दिले तर ती ते परतताना वाटेतच वहिनींच्या हवाली करी. “माझ्या हाताला झाड लागत नाही,” असे हसून सांगे. एखादी म्हण सांगावी तसे. तुळससुद्धा पाण्यापुरती तिची होती. मंजिऱ्या खुडायला ती मला सांगत असे.

मी काय केले? अंगणभर सिमेंटचे ठोकळे, आमच्याकडचे गट्टू, बसवून घेतले. झाडाचा बुंधा जमिनीसरशी कापला, त्यावर मुरूम, त्यावर चुरी, त्यावर लाल-करडे गट्टू. कुंदाला ती जागा बघवत नाही म्हणून, असे मी सर्वांना सांगितले. गाडी लावायला छान सोय झाली, असे सर्वांनी मला सांगितले. जागा बघवत नव्हती ती मला.

झाकलेल्या अंगणाने पुढे आपले गुण दाखवले. उन्हाळ्यात ते गट्टू संध्याकाळ उलटली तरी तव्यासारखे धग सोडत. कूलर त्याच गरम हवेशी झुंजत राही. पावसाळ्यात आमच्या गच्चीचे आणि अंगणाचे सारे पाणी फाटकाखालून रस्त्यावर धावे आणि बोअर मात्र होळीनंतर हवा ओकू लागे. तेव्हा मी, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, गट्टू उखडायला घेतले. गाडीच्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या ठेवल्या, बाकी अंगण मोकळे केले. खालची माती माती राहिली नव्हती. पहारीखाली तिचे वड्यांसारखे तुकडे निघत. त्यात एक गांडूळ नव्हते.

मग मी एकेक गोष्ट शिकत गेलो. कोपऱ्यावर जाळण्यासाठी लोटलेला कडुनिंबाचा आणि बदामाचा पाचोळा पोत्यांत भरून आणू लागलो आणि मातीवर जाड अंथरू लागलो. स्वयंपाकघरातला ओला कचरा भोके पाडलेल्या ड्रममध्ये कुजू लागला. गच्चीचा पाइप रस्त्याकडून वळवून विटांच्या तुकड्यांनी भरलेल्या शोषखड्ड्यात सोडला. कपडे धुतलेले पाणी कर्दळीच्या वाफ्यातून केळीपर्यंत पोचवले. परदेशी गवताचा हिरवा गालिचा टाकावा असा सल्ला आला, तो मी घेतला नाही. अडुळसा, कढीपत्ता, पारिजातक, गवती चहा अशी आपल्या पाण्यात भागवणारी मंडळी आणली. पाचोळ्याखाली बोट घातले तर गारवा लागू लागला. सुगरण नाही, पण शिंपी पक्षी आला. फुलपाखरे आली. आणि लोक आले.

“भाऊजी तं आता झाडाइचे डॉक्टर झाले,” बोरकर वहिनी म्हणत. ले-आउटमधली माणसे सुटीच्या सकाळी शोषखड्डा पाहायला येत; मी त्यांना समजावून सांगे. कुंदा आतून पोहे पाठवी आणि दारात उभी राहून ऐके. तिच्या चेहऱ्यावर माझ्याविषयीचा अभिमान दिसला की मी वाकून पाचोळा सारखा करू लागे. मला कळत होते की मी मातीला सगळे देत आहे, जिचे मी काही देणे लागत नव्हतो तिला. प्रायश्चित्त करणे सोपे असते. त्यात हातांना काम मिळते, घाम येतो, वर कौतुक होते. क्षमा मागायला एकच वाक्य लागते, आणि ते वाक्य सोडून मी आयुष्यातली पुष्कळ कामे केली.

बुंध्याची जागा मात्र मी रिकामी ठेवली. कापलेला बुंधा वाळवीने पोखरून निघाला होता, हातात घेताच त्याचा भुगा झाला. तिथेही पाचोळा टाकत गेलो. आता तिथली माती मऊ आहे, काळीभोर, मुठीत धरली तर सुटी होणारी. मातीने मला क्षमा केली, असे लिहिण्याचा मोह होतो. पण मातीने दोष कोणालाच दिला नव्हता. दोष कुंदाला दिला होता, आणि तो माणसांनी दिला होता.

एक सवय मला लागली. कूलरच्या टाकीत मी आता अॅसिड घालत नाही. चिंचेचे पाणी आणि खराटा पुरतो. तरी ते पाणी मी कधी झाडांना घालत नाही. बादली भरून, बोळातून, मागच्या नालीपर्यंत नेतो.

“घाला ना झाडांना,” कुंदा दरवर्षी म्हणते. “थेंब थेंब जमवता अन् हे काहून वाया घालवता?”

“क्षार असतात,” मी म्हणतो. हे खरे आहे. खऱ्या वाक्यांनीही किती झाकता येते!

यंदाच्या ज्येष्ठात मामाजी आमच्याकडे होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी सुधाकर त्यांना सोडून गेला होता. पट्टी बांधलेला डोळा, त्यावर काळा चष्मा, आणि सकाळच्या वेळी पारिजातकाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सर्व जगाला सूचना. येताना त्यांनी ओल्या पोत्यात गुंडाळून संत्र्याचे एक कलम आणले होते. ते भिंतीशी टेकून उभे होते. कुंदा त्याच्या बाजूने जाताना अंग चोरून जाई.

“हे इथची जागा काहून खाली ठेवली गा?” त्यांनी काठीने ती रिकामी जागा दाखवली. दुसऱ्या डोळ्याने त्यांना तेवढे दिसत होते.

मी बोळाकडे निघालो होतो. माझ्या हातात कूलरच्या पाण्याची बादली होती.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुधाकर होता. कुंदाने तो स्पीकरवर लावून वडिलांपुढे धरला.

“बाबा, फोटो पाठवला, पाहा. नाल्याकडच्या ओळीइतलं पान सकाळी उठूनच नाई राहिलं. तोडू काय ताण? का थांबू अजून? पंपाची लाइन हाय तोवर सांगा, मंग दिवसभर येत नाई.”

“मले काय दिसते रे फोटोत? डोया बांधून ठेवला माहा डॉक्टरनं.” मामाजींनी फोन मुलीकडे ढकलला. “कुंदे, घे. तू पाय.”

कुंदाने फोन त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. शाळेत छडी चुकवणारी मुले घेतात तसे. तिचे केस आता पांढरे आहेत.

“मले नका विचारू, बाबा. मी एक झाड मारलं आहे.”

“अवं, त्याले किती वर्षं झाले!”

“तुम्हीच म्हणाले होते. जेवू केव्हा घालायचं ते मले समजत नाही म्हणून.”

 मामाजींची काठी मातीत उगीच रेघ ओढत राहिली. “म्हनलो असीन,” ते म्हणाले.

“हॅलो? बाबा? ताई?” मांडीवरचा फोन बोलत होता. “सांगा ना कोनी! पानी सोडू का नको?”

नाली मागे होती. बोळ समोर होता. मी तसाच पुढे गेलो असतो, तर कोणाला काही कळले नसते. बादली नेहमीसारखी रिकामी करून मी परत आलो असतो, तोवर कोणीतरी काहीतरी ठरवले असते. मी बादली खाली ठेवली. थोडे पाणी माझ्या पायांवर सांडले.

“मामाजी, तिचा ताण बरोबर होता,” मी म्हणालो. माझा आवाज मला अनोळखी वाटला. “झाड ताणाने मेलं नाही. ती तुमच्याकडे गेली होती तेव्हा मी अॅसिडने कूलर धुतला आणि ते पाणी त्याच्या आळ्यात ओतलं. ती आल्याबरोबर म्हणाली होती, हे ताणाचं पान नाही. तिला बरोबर दिसलं होतं. मी तिला ऊन सांगितलं.”

मग मी कुंदाकडे वळलो. तिचे हात अजून पाठीमागेच होते.

“दया आली म्हणून ओतलं नाही, कुंदा. बादली जड होती आणि नाली लांब होती. बस. झाड मी मारलं आणि नाव तुझं होऊ दिलं. तुझं माहेरचं वैशाखातलं जाणं मी घालवलं. माझं चुकलं. मला माफ कर. जमेल तेव्हा कर. पण तो फोन आत्ता घे. सुधाकर थांबला आहे, आणि पान तुझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही.”